निर्णय गणपतीत घेऊ नकोस

प्रिय माई,
मी गुहागर तालुक्यातली. बारावी सायन्सला ७८ टक्के पडले म्हणून बाबांनी हौसेने मुंबईला पाठवलं. माटुंग्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, राहते ठाण्यापुढच्या दिव्याला काकांकडे. वन रूम किचन, आम्ही पाच जणं. पहाटे साडेचारला पाणी येतं ते मी भरते, मग डबे, मग लोकल. कॉलेज दीडला सुटतं, पण तीनच्या आत घरी यावं लागतं. काकी कामावर असते, त्यामुळे दोन्ही लहान भावंडांना शाळेतून आणणं, त्यांचा अभ्यास, संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. माझा अभ्यास रात्री अकरानंतर ओट्यापाशी. बाबांनी पैसे देऊ केले तर काका रागावले, "आपल्याच मुलीचे कसले पैसे!" काकी वाईट नाही, पण कामापुरतंच बोलते. तिलाही चार वर्षं माहेरी, लांज्याला, जायला मिळालेलं नाही. कॉलेजात सगळं इंग्रजीत चालतं. एकदा मी "वाईच थांब गं" म्हणाले, तेव्हापासून मुली मला "वाईच" म्हणूनच हाक मारतात. रोज सकाळी दिवा स्टेशनात सावंतवाडी पॅसेंजर उभी दिसते आणि वाटतं, चढावं आणि चिपळूणला उतरावं. बाबांनी पुढच्या हंगामाची आंब्याची कलमं आताच कराराने देऊन पैसे उचललेत. कुणाला बोलले नाही, पण गणपतीला घरी गेले की परत यायचं नाही असं ठरवलंय. चुकतंय का माझं?
— वाईच

बाय,

तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी पेन्सिल हातात घेतली. जुनी मास्तरीण आहे, सवय जात नाही. कॉलेजबद्दल जेमतेम दोन-तीन वाक्यं. मुंबईबद्दल एकही नाही. बाकी सगळं पाणी, डबे, भावंडं, ओटा. मुंबई झेपत नाही म्हणून तू परत निघालीस, पण अगं, मुंबई तू अजून बघितलीस कुठे? दिव्यातलं एक स्वयंपाकघर आणि लोकलचा बायकांचा डबा, एवढंच तर बघितलंस.

पुढचं बोलण्याआधी एक विचारते. त्या घरात कुणाच्या वागण्याची, नजरेची भीती वाटत असेल आणि ते पत्रात लिहवलं नसेल, तर खालचं काहीही वाचू नकोस. आजच आईला फोन कर. तेही जमत नसेल तर १८१ हा बायकांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे. तुझ्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही, तरी विचारल्याशिवाय राहवत नाही.

तर आता मूळ दुखणं. काकांनी पैसे नाकारले ते प्रेमानेच, यात मला शंका नाही. पण नाकारले त्याच दिवशी तुझं राहणं-खाणं कशात फेडायचं ते ठरून गेलं, आणि ठरवलं कुणीच नाही. काकांना वाटतं आपण भावासाठी केलं. काकीला वाटतं पाचवं माणूस आलं, निदान हाताला हात लागेल. बाबांना वाटतं पोरगी घरच्यासारखी आहे. तू पहाटे साडेचारला नळाखाली बादली लावून उभी आहेस.

आपल्या कोकणाला मुंबई काही नवी नाही. शंभर-सव्वाशे वर्षं आपली माणसं गिरणीत, गोदीत, हॉटेलांत गेली. लालबाग-परळला एकेका गावाची खोली असायची, पाळीप्रमाणे झोपायचं, जेवण खानावळीत. तिथे भाचा-पुतण्या शिकायला आला तर त्याला वळकटी टाकायला कोपरा मिळायचा, भांडी घास असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. बाया गावी शेत आणि म्हातारी माणसं सांभाळत राहिल्या. चाकरमानी या शब्दाचं बाईचं रूप मी आजवर ऐकलेलं नाही. त्यामुळे मुलगी शिकायला नातेवाइकांकडे आली की तिला नेमकं कुठे बसवायचं ते घराला कळत नाही, आणि न कळलं की ती आपोआप स्वयंपाकघरात जाते. तुझ्या काकांचा हा एकट्याचा दोष नव्हे.

मी राजापूर तालुक्यातून १९८१च्या जूनमध्ये एसटीने मुंबईत उतरले, लालबागच्या चाळीत मामाकडे. मामा एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. मामी तांदूळ मापायला एक पितळी पेला वापरायची, काठाला जरा चेपलेला. रात्रीच्या भाताला चार पेले. फेब्रुवारीत साडेतीन झाले. शिमग्याच्या सुमाराला तीन. जेवणारी माणसं तेवढीच. मी ते बघत होते आणि गप्प होते. मोठेपणा म्हणून सांगू लागले, "मी कॉलेजात खाऊन आल्ये." प्रत्यक्षात कॉलेजात मी नळाचं पाणी पिऊन यायचे. मामीने याचा अर्थ असा लावला की भाचीला आता आपल्या हातचं गोड लागत नाही, कॉलेजची झाली ना! दोन महिने आम्ही एकमेकींवर रुसून, आणि तेवढ्या खोलीत रुसायला जागा तरी किती? शेवटी एका रात्री तिने भांडं आपटलं आणि विचारलं, "माझा भात तुला कडू लागतो काय?" मग जे रडलो दोघी! पेल्याचं तेव्हा बोललो. पुढच्याच आठवड्यात चाळीतल्या दोन पोरांच्या शिकवण्या धरल्या, महिन्याला तीस रुपये, त्यातले वीस मामीच्या हातात. ते हातात पडले तेव्हा ती काही बोलली नाही, पण रात्री माझ्या ताटात भात दाबून वाढला. पावसाच्या तोंडावर मामा बिऱ्हाड घेऊन गावी गेला तो कायमचा, मी वसतिगृहात गेले. दोन महिने आधी तोंड उघडलं असतं तर, असं अजून वाटतं.

म्हणून तुला सांगते, तोंड उघड. आणि गणपतीची वेळ त्याला नामी आहे, कारण वर्षातून तेवढेच दिवस तुझे बाबा आणि काका एका छपराखाली असतात. आपल्याकडे जमिनीच्या वाटण्या, लग्नं, भांडणं, सगळं गणपतीतच निघतं, मग तुझा विषय निघाला तर काय बिघडलं? आल्या दिवशी नको. आधी आईला एकटीला गाठ, नारळ खवताना, मोदकाचं सारण होताना. ती बाबांच्या कानावर घालेल. मग बाबांनी काकांशी बोलावं, तू नव्हे. "पैसे नकोत तर माझी मुलगी तुझ्याकडे राहणार नाही," असं हसत पण ठाम म्हणावं. महिन्याला काय जमेल ती रक्कम, आणि गावचे तांदूळ, कुळीथ, आमसुलं वेगळी. रक्कम काकीच्या हातात पडायला हवी, काकांच्या नव्हे. घर ती चालवते.

आणि त्याच बैठकीत तुझे तास ठरव. फार मागू नकोस. पाणी भरायचं ते भर, पाच जणांच्या घरात पाणी सगळ्यांनीच भरायचं असतं. आठवड्यातले तीन दिवस मुलांना आणायची सोय दुसरी करा, शेजारी कुणी असेल, शाळेची रिक्षा असेल. त्या तीन दिवशी दीड ते चार कॉलेजच्या लायब्ररीत बस आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत गाडी पकड. (लोकलमध्ये वाचत जा, असं मी सांगणार नाही. दिव्याची गर्दी मी पाहिली आहे, तिथे पुस्तक उघडायचं सोड, पदर सावरायला हात वर निघत नाही.) कॉलेजच्या लायब्ररीत जागा मिळत नसेल तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालापासूनचं. एकदा जाऊन चौकशी कर.

इंग्रजीचं तुला वाटतं तेवढं अवघड नाही. ऑक्सिडेशन, फोटोसिंथेसिस, डेरिव्हेटिव्ह हे शब्द तुला येतात, बारावीत तेच होते. अडतं ते मधलं बोलणं, सर भराभर बोलतात ते. त्याला पहिलं सत्र जातंच, माझं तर वर्ष गेलं होतं. उद्याचा भाग आदल्या दिवशी त्या लायब्ररीत एकदा डोळ्यांखालून घातलास की वर्गात निम्मं तरी कानात शिरेल. आणि "वाईच"चं काय घेऊन बसलीस? चिडवणाऱ्या मुलींमध्ये एखादी तरी अशी असेल जी हाक मारताना हसते पण तुझ्यासाठी जागाही धरते. ती शोध. तू स्वतः पत्राखाली वाईच अशी सही केलीस, म्हणजे ते नाव तुला तितकंसं टोचलेलं नाही, खरं ना?

आता परत न येण्याचं. गणपतीत हा निर्णय घेऊ नकोस, कारण त्या दिवसांतलं घर खोटं असतं. खोटं म्हणजे, भरलेलं असतं. पडवीत चटया, रात्री भजनं, चुलीवर मोठी पातेली, दारात मुंबईच्या गाड्या, भात पोटरीला आलेला, सगळीकडे हिरवंगार. असं घर सोडून कुणाला दिव्याला यावंसं वाटेल? काकांनासुद्धा वाटत नाही, विचारून बघ. पण गौरी-गणपती गेले की दोन दिवसांत वाडी रिकामी होते. माझ्या वाडीत आता अर्ध्याहून जास्त घरांना कुलूप असतं. तुझ्या बरोबरीच्या मैत्रिणीही चिपळूणला, पुण्याला, कुठे कुठे गेल्या असतील. तू मागे राहिलीस तर तुळशीचं लग्न येईपर्यंत कुणाशी बोलशील?

शिवाय व्यवहार बघ. तोपर्यंत इकडच्या, कोकणातल्या कॉलेजांचे प्रवेश बंद झालेले असतात. आत्ता सोडलंस तर वर्ष गेलं, फी गेली आणि कलमांचे पैसे व्यापाऱ्याला आंबे देऊन फेडायचे ते फेडायचेच.

पण कोकणात परत येऊन शिकणं म्हणजे हरणं, असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. चिपळूण, रत्नागिरीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाचीच आहेत, पदवीवर नाव त्याच विद्यापीठाचं येतं. विषय जुळले आणि जागा असली तर दुसऱ्या वर्षाला बदलून जाता येतं. म्हणून दोन्ही सत्रांच्या परीक्षा दे, वर्ष हातात ठेव आणि एप्रिलमध्ये ठरव. तेव्हाही चिपळूण हवंसं वाटलं तर खुशाल जा, बाबांना पटवायला मी वेगळं पत्र लिहीन. दरम्यान मुलींच्या वसतिगृहांची चौकशी आत्तापासून सुरू कर: कॉलेजच्या ऑफिसात, समाजकल्याण खात्याकडे, आणि तुमच्या गावाचं मुंबईचं मंडळ असेलच, त्यांच्याकडे. समाजाच्या संस्थांची वसतिगृहं असतात, त्यांच्या जागा पुढच्या जूनसाठी फार आधी भरतात. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर तुला लागू असलेल्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरलास का? नसेल तर गणपतीला जाताना उत्पन्नाच्या दाखल्याचं काम डोक्यात ठेव, तलाठ्याकडे आणि तहसीलला खेटे घालायला घरी दोन दिवस मिळतील.

आणि ती सावंतवाडी पॅसेंजर. चढ की एकदा! काकीला आदल्या रात्री सांगून, तिकीट काढून, एखाद्या शनिवारी. चिपळूणला उतर, पुढे एसटी, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. एक रात्र आईच्या कुशीत झोप, पेज खा, रविवारी रात्रीच्या गाडीने परत. महिन्या-दोन महिन्यांनी असं जायचं आधीच ठरलेलं असलं की रोज सकाळी ती गाडी बघून छातीत एवढं कालवणार नाही.

गणपतीहून येताना कुळथाचं पीठ दोन पुड्या जास्त आण. एक काकीला वेगळी दे, सगळ्यांसमोर नको, ती ओट्यापाशी एकटी असेल तेव्हा. आणि लांज्याला तिचं कोण कोण असतं, ते विचार.

— माई