चौकात, बागेत उभी केलेली लढाऊ विमानं खरी असतात की नुसता सांगाडा?

बहुतेक खरीच असतात हो, म्हणजे एकेकाळी उडालेली, फक्त रिटायर झाल्यावर आतला कामाचा माल काढून घेतात, इंजिन बऱ्याचदा नसतं, तोफा-दारूगोळा तर नाहीच आणि इजेक्शन सीटखालची (संकटात पायलटला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीखालची) स्फोटकं आधी काढावीच लागतात नाहीतर कोणी पोरगं आत घुसून काहीतरी ओढायचं आणि संपलं. खांबावर तिरकं चढवलेलं विमान बघून वाटतं केवढं जड असेल, पण इंजिन गेलं की बराच भार जातो.

खरा शत्रू म्हणजे पाऊस आणि खारी हवा. अॅल्युमिनियमला खारी हवा लागली की आतून पोखरतं, वरून दरवर्षी रंग मारून ते पूर्ण थांबत नाही. पक्षी घरटी करतात ते वेगळंच.

प्रत्यक्ष बघायचं तर गोव्यात दाबोळी एअरपोर्टजवळ बोगमाळ्याच्या रस्त्याला नौदलाचं म्युझियम आहे, तिथे उघड्यावर सी हॅरियर, अलिझे वगैरे नौदलाची जुनी विमानं आहेत, पण माझं आवडतं तिथलं सुपर कॉन्स्टेलेशन, ते मुळात एअर इंडियाचं प्रवासी विमान, मग हवाई दलाकडे गेलं आणि शेवटी नौदलात समुद्रावर टेहळणी करून निवृत्त झालं, एवढी नोकरी आपणही करत नाही! विशाखापट्टणमला बीचवर टीयू-१४२ हे नौदलाचं जुनं टेहळणी विमान आहे, २०१७ मध्ये सुटं करून रस्त्याने आणलं आणि परत जोडलं. त्याच्या आत शिरता येतं, तिकीट काढून.