सासूबाई, दोन मुलं आणि घॅन

प्रश्न: ताई, आम्ही मेलबर्नला राहतो. जूनच्या शेवटी शाळांना सुट्टी लागते तेव्हा सासूबाई भारतातून येतायत, वय ६८, गुडघे जरा कुरकुर करतात. मुलं ७ आणि ११. नवऱ्याच्या डोक्यात आउटबॅकची, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागातून जाणारी ट्रेन बसलीये, घॅन नाहीतर इंडियन पॅसिफिक. मला भीती अशी की एवढे पैसे घालून मुलं दुसऱ्याच दिवशी "बोअर झालं" म्हणणार. काय करू?
– दोन मुलांची आई

उत्तर: अहो, मुलं बोअर होणारच, ते गृहीत धरूनच निघा, म्हणजे निम्मं टेन्शन इथेच संपलं.

दोन्हीत मी घॅन म्हणेन. इंडियन पॅसिफिक सिडनी ते पर्थ ४,३५२ किलोमीटर, तीन रात्री, त्यात नलारबोरच्या सपाट मैदानात ४७८ किलोमीटर रूळ सरळसोट, एक वळण नाही, जगातला सगळ्यात लांब सरळ ट्रॅक. ऐकायला भारी वाटतं, पण सात वर्षांच्या मुलाला सरळ रुळाचं काय कौतुक? घॅन अ‍ॅडलेड ते डार्विन, २,९७९ किलोमीटर, दोन रात्री, आणि वाटेत उतरायला मिळतं. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज आणि कॅथरीनला गाडी काही तास थांबते, कॅथरीनला निटमिलुकच्या घळीत बोटीतून फिरवतात, आणि हे तिकिटातच असतं, जेवणासकट. उलट्या दिशेने, म्हणजे डार्विनहून खाली येणारी जी तीन रात्रींची गाडी असते ती कूबर पीडीला पण नेते. तिथे ओपल या रत्नाच्या खाणी आणि उन्हाळ्याला कंटाळून जमिनीखाली घरं करून राहणारी माणसं. मुलांना हेच लक्षात राहील बघा, खिडकीतलं काही नाही.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाहीत. गाडीत गोल्ड नावाचा वर्ग असतो, त्याच्या केबिनमध्ये दिवसा सोफा असतो, रात्री त्याच्या वर-खाली दोन बर्थ होतात आणि वरच्या बर्थला शिडी. एका केबिनमध्ये दोघंच. तुम्ही पाच जण, म्हणजे तीन केबिन आल्या आणि मग नवऱ्याला आकडा दाखवा, बहुतेक तिथेच चर्चा थांबेल :) सासूबाईंना खालचाच बर्थ हे बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, शाकाहारी जेवणाचंही तेव्हाच, गाडीत बसल्यावर सांगू असं करू नका. मोठ्या बॅगा लगेज व्हॅनमध्ये जातात, केबिनमध्ये छोटी बॅग ठेवायची, तर त्यांच्या गोळ्या आणि स्वेटर त्या छोट्या बॅगेत. स्वेटर का? कारण वाळवंट म्हणजे गरम असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, पण जुलैत अ‍ॅलिस स्प्रिंग्जला दिवसा वीस अंशांच्या आसपासचं छान ऊन आणि रात्री पारा चार-पाचपर्यंत उतरतो.

आणि सासूबाई भारतातून लाडू आणणारच, आणू देत, फक्त विमानात भरायला देतात त्या कार्डवर खाण्याचं लिहायला लावा. लिहिलं की फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड. अ‍ॅडलेडला जाताना ताजी फळं पण घेऊ नका, फळमाशीमुळे साउथ ऑस्ट्रेलियात ती नेता येत नाहीत.

मुलांसाठी एक गोष्ट मात्र घरूनच सांगून न्या. घॅन हे नाव अफगाण उंटवाल्यांवरून आलंय. १९व्या शतकात या वाळवंटात सामान उंटांवरून जायचं आणि ते हाकणारे सगळेच काही अफगाण नव्हते, आत्ताच्या पाकिस्तानातले होते, आपल्या हिंदुस्थानातले पण होते, गोऱ्यांनी सरसकट अफगाण म्हणून टाकलं. १९२९ला रेल्वे अ‍ॅलिस स्प्रिंग्जला पोचली, तो जुना मार्ग पुरात वाहून जायचा आणि लाकडी स्लीपर वाळवी खायची, म्हणून १९८०ला पश्चिमेकडून नवा मार्ग टाकला आणि डार्विनपर्यंत गाडी पोचायला २००४ उजाडलं. उंटांचं काम संपलं, मग बरेचसे मोकाट सोडून दिले, त्यांची पिल्लावळ अजून तिथे फिरतेय. आमच्या वेळी मुलांनी कांगारू मोजायला वही घेतली होती, दुपारभर शून्य, कारण दिवसा ते सावलीत पडून असतात. संध्याकाळ व्हायला लागली तेव्हा मोजायला सांगा.

मोबाईलला बराच वेळ रेंज नसते. सिनेमे आधी डाउनलोड करा, पत्त्यांचा कॅट न्या, सासूबाईंना जोडीला बसवा.

तीन केबिनचा आकडा झेपत नसेल तर आधी मेलबर्न ते अ‍ॅडलेड ओव्हरलँड नावाच्या ट्रेनने जाऊन बघा, ८२८ किलोमीटर, दिवसभराचा प्रवास, झोपायची भानगडच नाही. त्यात मुलं किती वाजता रडायला लागतात त्यावर घॅनचं ठरवा.