आफ्टरबर्नरची टेस्ट जमिनीवर होते, मग उडवून कशाला बघायचं?

प्रश्न: अल्टिट्यूड चेंबरमधे उंचावरची विरळ हवा जमिनीवरच तयार करता येते, शिवाय सिम्युलेशन पण असतं. तरी फायटर जेटचा आफ्टरबर्नर आकाशात नेऊन का तपासतात?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: कारण चेंबर आणि सिम्युलेशन दोन्ही पास झालेलं इंजिन आकाशात अडकलंय, आणि हे एफ-१५ या अमेरिकन फायटर जेटच्या एफ१०० इंजिनाबाबत खरंच घडलंय.

आधी थोडं बेसिक. टर्बाइनमधून बाहेर येणाऱ्या गरम वायूत बराच ऑक्सिजन उरलेला असतो, त्यातच परत इंधन फवारून पेटवायचं म्हणजे आफ्टरबर्नर. एफ१०० चा थ्रस्ट (विमानाला पुढे ढकलणारा जोर) त्याने साधारण ६५ किलोन्यूटनवरून १०६ च्या आसपास जातो, इंधन मात्र कितीतरी पटीने जास्त जातं. खरी पंचाईत होते खूप उंचीवर आणि कमी स्पीडला. तिथे दाब इतका कमी की इंधन पटकन पेटत नाही, ते साचत राहतं आणि मग एकदम भडका होतो, गॅस चालू ठेवून काडी उशिरा ओढल्यासारखा. त्या भडक्याचा दाब बायपास डक्टमधून (इंजिनाच्या गाभ्याबाहेरून हवा नेणारा मार्ग) उलटा पुढे, तोंडाशी असलेल्या फॅनपर्यंत जातो आणि इंजिन स्टॉल होतं, म्हणजे आतला हवेचा प्रवाह बिघडतो. कधी कधी तर आरपीएम वर येतच नाही आणि टर्बाइन तापत जातं, मग पायलटला इंजिन बंद करून परत चालू करावं लागतं, म्हणजे लढाईत काय होईल बघा!

यावर उपाय म्हणून डिजिटल कंट्रोल (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) बनवला आणि १९८१ ते ८३ मधे नासाने कॅलिफोर्नियात एडवर्ड्सला तो एफ-१५ वर उडवून बघितला. टेस्ट साधी वाटते पण कठीण आहे, पायलटने उंची आणि स्पीड धरून ठेवायचा आणि थ्रॉटल झटक्यात आयडलवरून (सगळ्यात कमी जोर) मॅक्सला न्यायचा, ज्योत पेटते का, टिकते का, दाब किती उसळतो सगळं रेकॉर्ड होतं. आणि नेमकं त्याच उंच-संथ कोपऱ्यात आफ्टरबर्नर चालू असताना मागचं नोझल (गरम वायू बाहेर सोडणारं तोंड) अस्थिर झालं, त्यातून स्टॉल झाले, ज्योतही विझली. गणितात, सिम्युलेशनमधे, चेंबरमधे, कुठेच हे आधी दिसलं नव्हतं!

मग त्या फ्लाइट डेटावरून कारण शोधलं, कंट्रोलच्या सॉफ्टवेअरमधे बदल केले आणि परत उडवून खात्री केली. हाच डिजिटल कंट्रोल पुढे एफ१००-पीडब्ल्यू-२२० या त्याच इंजिनाच्या सुधारित मॉडेलमधे आला. माझ्या मते चेंबर हवाच, तिथे स्वस्तात आणि सुरक्षित खूप काही कळतं, पण आफ्टरबर्नरला शेवटची सही पायलटच्या फ्लाइटनंतरच मिळायला हवी.