रंगांच्या शब्दांची मुळं शोधताय? मग लालपासून सुरुवात करा

नवीन आहात, तर एकदम सगळे रंग घेऊ नका. तांबडा धरा, त्याचा माग सर्वात स्वच्छ आहे. संस्कृत रुधिर, ग्रीक एरुथ्रोस, लॅटिन रुबेर, इंग्रजी रेड: सगळे एकाच मुळाचे, कारण या भाषा एकाच इंडो-युरोपीय भाषाकुळातल्या. आपण रक्ताला रुधिर म्हणतो, तिथे तोच प्राचीन रंगशब्द जिवंत आहे! मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

सुरुवातीच्या चुका:

- नुसत्या उच्चारसाम्यावर विसंबणं. साम्य नियमित हवं. संस्कृत 'श'च्या जागी जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन यांच्या शाखेत) 'ह' येतो: शतम् आणि हंड्रेड. म्हणून श्वेत आणि व्हाइट सख्खे. व्हाइटचं जुनं रूप ह्वीत होतं.
- आजच्या मराठी शब्दावरून उडी मारणं. 'लाल' फारसीतून आला. आधी शब्दाचा प्रवास तपासा.
- अर्थ स्थिर समजणं. संस्कृत हरि, हरित आणि इंग्रजी यलो एकाच मुळाचे. हिरवा-पिवळा ही सीमा तेव्हा आजच्यासारखी नव्हती.

निळ्याच्या मागे आत्ता लागू नका, त्याला सामायिक मूळशब्द सापडत नाही. पुस्तकांत मूळ रूपांआधी दिसणारी फुली (*) म्हणजे 'पुनर्रचित, कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही'. स्वरांचे नियम नंतर बघू. आधी तांबड्याची या कुळातल्या दहा भाषांतली रूपं स्वतः वहीत उतरवा.