चालू प्रोसेसची मेमरी एका नोडवरून दुसऱ्या नोडवर हलवता येते का? आणि हलवून उपयोग होतो का?

येते. नोड म्हणजे एक प्रोसेसर आणि त्याच्या जवळची रॅम. असे अनेक नोड असलेल्या रचनेला न्यूमा म्हणतात. प्रोसेस बंद करावी लागत नाही. न्यूमासीटीएल पॅकेजमध्ये मायग्रेटपेजेस ही कमांड असते. तिला पीआयडी (प्रोसेसचा नंबर), कुठून आणि कुठे एवढं द्यायचं. कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.१६ पासून, म्हणजे २००६ पासून लिनक्समध्ये ही सोय आहे. तुमच्या दोन सॉकेटच्या (म्हणजे दोन प्रोसेसर बसलेल्या) सर्व्हरवर ती चालेलच. पण "उपयोग होतो का" हे वाचलं आणि लिहायला बसलो, कारण याच प्रश्नावरून माझं एका व्हेंडरशी चांगलंच वाजलेलं आहे.

लातूरला एका सहकारी बँकेचे सर्व्हर तेव्हा माझ्याकडे होते. रात्रीचं डे-एंड (दिवसभराचे हिशेब मिटवायचं काम) रेंगाळत रेंगाळत काउंटर उघडायच्या वेळेला येऊन टेकायचं. शाखांचे फोन सुरू. व्हेंडरचा माणूस पुण्याहून आला, तासभर स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, रॅम वाढवा. सोबत कोटेशनही तयार! इकडे फ्री कमांड मारली की निम्मी रॅम मोकळी.

मशीनला दोन नोड, प्रत्येकी ६४ जीबी. कुठल्या नोडवर किती मेमरी आहे ते दाखवणाऱ्या न्यूमास्टॅटला पी लावून डे-एंडचा पीआयडी दिला, तर त्याची ३२ जीबी जवळजवळ सगळी शून्य नंबरच्या नोडवर. आणि पीएस कमांडमधला पीएसआर कॉलम (कोण कुठल्या कोअरवर चालतंय ते) पाहिला, तर थ्रेड, म्हणजे प्रोसेसमधले एकाच वेळी चालणारे भाग, सगळे एक नंबरच्या सॉकेटवर पळतायत. का, ते सरळ आहे. लिनक्स मेमरीचं पान (छोटा तुकडा) देतं ते त्याला पहिला हात लावणाऱ्या थ्रेडच्या नोडवर. या प्रोग्रामात खात्यांचा सगळा डेटा सुरुवातीला एकच थ्रेड मेमरीत भरायचा, तो बसलेला शून्यावर. नंतर व्याज काढणारे थ्रेड सुटायचे, तोवर शून्यावर डेटाबेसची गर्दी, म्हणून शेड्युलर (कोण कुठे चालेल ते ठरवणारा कर्नलचा भाग) त्यांना एकवर ढकलायचा. न्यूमासीटीएलच्या हार्डवेअर तक्त्यात जवळच्या नोडचं अंतर १० आणि पलीकडच्याचं २१ दिसत होतं. (हे आकडे नॅनोसेकंद नव्हेत, नुसतं प्रमाण आहे, आणि तेही बायॉस सांगेल तसं.) २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तशातली गत. पाणी मिळत होतं, पण प्रत्येक खेपेला तेवढी वाट तुडवून. रॅम वाढवणं म्हणजे मिरजेत आणखी एक टाकी बांधणं.

आधी टास्कसेट कमांडला ए लावून सगळे थ्रेड एक नंबरच्या नोडच्या कोअर्सवर बांधून टाकले, आणि मगच मायग्रेटपेजेस. हा क्रम महत्त्वाचा. नुसती मेमरी हलवली आणि शेड्युलरनं थ्रेड परत पलीकडे फेकले, तर केलेली सगळी हमाली वाया. शेजारी बसलेला पोरगा म्हणाला, "सर, कामून हालवलालाव? बंद करून चालू करा की." अरे बाबा, अर्धं डे-एंड झालंय, बंद कसं करू?

४ केबीची पानं धरली तर ३२ जीबी म्हणजे सुमारे ८४ लाख पानं. प्रत्येक पान मॅपिंगमधून काढायचं, कॉपी करायचं, परत जोडायचं. तेवढ्यात कुठल्या थ्रेडनं त्याला हात लावला तर तो थांबतो. त्यामुळे हलवाहलवी चालू असताना काम आणखी मंदावतं. घाबरायचं नाही. टॉप कमांडमध्ये मायग्रेटपेजेस एकटीच एक कोअर खाऊन बसलेली दिसत होती, आणि न्यूमास्टॅट पुन्हा पुन्हा मारलं की शून्याचा कॉलम उतरतोय, एकचा चढतोय. ते संपल्यावर डे-एंडनं जो वेग घेतला, तो बघून आमच्या मॅनेजर साहेबांनी कोटेशनचा विषयच काढला नाही.

व्हेंडरचं म्हणणं शेवटपर्यंत एकच: "लिनक्स हे आपोआप बघतं, तुम्ही हात लावू नका." बघतं, मान्य आहे, कर्नलमध्ये मेमरी आणि थ्रेड आपोआप जवळ आणणारं ऑटोमॅटिक न्यूमा बॅलन्सिंग आहेच. पण त्यांच्याच इन्स्टॉलेशनच्या चेकलिस्टमध्ये ते बंद करून ठेवलेलं होतं! डेटाबेससाठी बरेच जण बंद करतात, त्याला कारणंही असतात. मग आपोआप कोण बघणार, बँकेचा वॉचमन?

तुमच्यासाठी एवढंच सांगतो की मायग्रेटपेजेस हा रोजचा इलाज करू नका. काही जण ती क्रॉनमध्ये टाकतात, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालायला लावतात. माझ्या मते तो निव्वळ आळस. प्रोसेस सुरू करतानाच न्यूमासीटीएलनं सीपीयू आणि मेमरी एका नोडवर द्या. मेमरीसाठी मेमबाइंडपेक्षा (फक्त त्याच नोडवर) प्रिफर्ड (जमेल तोवर त्या नोडवर) बरं. मेमबाइंडमध्ये तो नोड भरला की पलीकडे जागा असूनही प्रोसेस मारली जाऊ शकते. आणि प्रोसेस एका नोडमध्ये मावतच नसेल, तर हलवाहलवीच्या नादी न लागता इंटरलीव्ह वापरा, म्हणजे पानं सगळ्या नोडवर वाटली जातात.

हो, एक राहिलं. कमांडनं आहे ती पानं हलतात, प्रोसेसची मेमरी पॉलिसी (नवीन पानं कुठल्या नोडवर घ्यायची हा नियम) बदलत नाही. आधीच शून्यावर बाइंड केलेली असेल, तर नवीन पानं पुन्हा शून्यावरच येतील. रूटनं चालवलीत तर दुसऱ्या प्रोसेससोबत वाटून घेतलेली पानंसुद्धा ओढली जातात, त्यामुळे पोस्टग्रेस डेटाबेसच्या एखाद्या चाइल्ड प्रोसेसवर सहज म्हणून चालवून बघू नका. आरडीएमएसाठी (नेटवर्क कार्डनं थेट मेमरी वाचण्यासाठी) पिन केलेली पानं जागची हलत नाहीत. आणि तुमचे नोड म्हणजे केबलनं जोडलेले वेगवेगळे सर्व्हर असतील, तर वरचं सगळं गैरलागू. तिथे प्रोसेस गोठवून पलीकडे उठवावी लागते, त्यासाठी क्रिऊ हे टूल बघा.

खाली कोणीतरी "आता कर्नल सगळं स्वतःच करतो" असं लिहायला येईलच. त्यानं आधी प्रॉकमधल्या सिस-कर्नलखाली न्यूमा बॅलन्सिंगची फाइल उघडून आत ० (बंद) आहे की १ (चालू) ते बघावं, मग लिहावं.