‘ओव्हररेटेड’ला मराठीत काय म्हणाल?

एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांचा कॉलेजात जाणारा भाचा परवा जेवताना म्हणाला, “मामा, तुमचं लेड झेपेलिन जाम ओव्हररेटेड आहे.” मामांनी तिथे भात कालवत वेळ मारून नेली, पण गोष्ट मनाला लागली. आता त्यांना यावर मराठीत लेख लिहायचाय आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडलीये. ते वाक्य असं: ‘लेड झेपेलिन हा एक अतिमूल्यांकित अभिजात रॉक वाद्यवृंद आहे, असे काहींचे मत आहे.’ हे त्यांचं त्यांनाच वाचवेना. म्हणून ते विचारतात की ‘ओव्हररेटेड’ला मराठीत धड शब्द आहे का, आणि ‘क्लासिक रॉक’ला ‘अभिजात रॉक’ म्हणावं का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देतो. नका म्हणू. ‘अभिजात’चा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हापासून हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि त्यात कुळाचा आणि शतकांच्या वारशाचा वास आहे. ‘क्लासिक रॉक’ ही मात्र अमेरिकेतल्या एफएम रेडिओवाल्यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेली पाटी. साठ-सत्तरच्या दशकांतली गाणी ऐकत वाढलेला श्रोता आता कमावता झालाय, त्याला तीच गाणी पुन्हा ऐकवली तर जाहिराती मिळतील, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. आणि कुळाचंच म्हणाल तर ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातला पोरगा. सतरा वर्षांचा असताना मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे तारा सैल लावल्या आणि वाजवत राहिला. त्या सैल तारांचा जड, खालचा आवाज पुढे हेवी मेटलची ओळख बनला. याला अभिजात म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ‘क्लासिक रॉक’ तसंच ठेवा, मराठी वाचकाला ते कळतं.

‘वाद्यवृंद’ही काढा. त्या शब्दाने डोळ्यांपुढे सफारी घातलेले वादक आणि निवेदिका येते. ‘बँड’ म्हटलं की काहींना वरात आठवेल, त्याला इलाज नाही.

आता मुख्य शब्द. ‘अतिमूल्यांकित’ व्याकरणात बसतो, पण आजवर मी तो कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, आणि जो शब्द भांडणात वापरता येत नाही तो या कामाचा नाही, कारण ‘ओव्हररेटेड’ हा मुळात भांडणातलाच शब्द आहे. शिवाय मूल्य म्हणजेच मोल, आणि ते आपल्याकडे आधीच घराघरात आहे. ‘तोलामोलाचा’ म्हणतो ना आपण? तोल वेगळा, मोल वेगळं. वजन किती आणि किंमत किती लावली, या दोन गोष्टी या जुन्या जोडशब्दाने वेगळ्या ठेवल्या आहेत. भाच्याला जे म्हणायचंय ते एवढंच की झेपेलिनला तोलापेक्षा मोल जास्त आहे. हे मी पुस्तकातून उचललेलं नाही, माझी स्वतःची सूचना आहे, आवडली तर वापरा.

पण नुसता शब्दाला शब्द देऊन भागणार नाही, कारण ‘ओव्हररेटेड’ या शब्दात एक लबाडी आहे. रेटिंग कोणी केलं हे तो सांगत नाही. मराठीत तेच म्हणायला गेलं की वाक्य तुमची कॉलर धरून विचारतं, कोणी? आणि त्या ‘कोणी’प्रमाणे शब्द बदलतो.

भक्तांनी केलं तर तो उदोउदो. तुळजापूरला ‘आई राजा उदो उदो’ ऐकलेल्याला या शब्दाची जात वेगळी सांगायला नको. देवळात तो खरा, आणि देवळाबाहेर माणसाला लावला की लगेच टोचायला लागतो. साठच्या दशकात लंडनच्या इझ्लिंग्टन भागातल्या एका भिंतीवर ‘क्लॅप्टन देव आहे’ असं कोणीतरी रंगवून ठेवलं होतं. तो गिटारवादक एरिक क्लॅप्टनचा उदोउदो, अगदी शब्दशः.

कंपन्यांनी आणि नियतकालिकांनी पद्धतशीर केलं तर ते स्तोम. हा शब्द मला फार आवडतो. संस्कृतात, थेट ऋग्वेदात, स्तोम म्हणजे स्तुती, स्तोत्र. ‘स्तु’ धातूचंच लेकरू. मराठीत येता येता त्याला ‘माजवणे’ हे क्रियापद चिकटलं आणि स्तुतीचं अवडंबर झालं. आता नुसती चांगली स्तुती असलेलं स्तोम मराठीत उरलेलंच नाही. असतं ते माजवलेलं.

एखाद्याकडून काम काढून घ्यायला केलं तर ते हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. हरभऱ्याचं झाड गुडघ्याएवढं, त्यावर चढून दिसणार काय? नवा गायक करारावर सही करतो तेव्हा त्याला याच झाडावर बसवतात.

आणि जनतेने केलं तर डोक्यावर घेतलं. इथे मात्र जपून. ‘लोकांनी नाटक डोक्यावर घेतलं’ यात तक्रार नाही, कौतुक आहे. तक्रार हवी असेल तर ‘डोक्यावर बसवून ठेवलंय’ म्हणा. घेणं हे क्षणाचं, बसवून ठेवणं हे पन्नास वर्षांचं. भाच्याची तक्रार नेमकी दुसरी आहे.

एका सापळ्यापासून सावध करतो. ‘नाव मोठं लक्षण खोटं’ किंवा ‘बडा घर पोकळ वासा’ इथे वापरायचा मोह होईल. या म्हणींत आत काहीच नाही असा आरोप आहे. ‘ओव्हररेटेड’ म्हणणारा आत काहीतरी आहे हे कबूल करतो, त्याचं भांडण मापाशी आहे. त्यासाठी सरळ, रोजच्या वापरातला शब्द ‘अवाजवी’. अवाजवी कौतुक, अवाजवी महत्त्व. ‘वाजवी’ आला अरबीतल्या वाजिबवरून, वाजवण्याशी त्याचं नातं नाही, तरी वाजवणाऱ्यांबद्दल ‘अवाजवी’ लिहिताना मला दर वेळी हसू येतं. ‘फाजील’ही चालेल. उर्दूत फ़ाज़िल म्हणजे विद्वान आणि आपल्याकडे फाजील लाड. एकाच शब्दाची अशी वेगवेगळी नशिबं.

आता गंमत बघा. ‘अंडररेटेड’ला मराठीत शब्द शोधावा लागत नाही. कदर झाली नाही, चीज झालं नाही, उपेक्षित राहिला. कदर या शब्दाच्या मुळाशीच माप आहे. पण ‘जास्त कदर झाली’ असं कोणी म्हणत नाही. कदर झाली की ती योग्यच, असं आपली भाषा धरून चालते. कमी मिळाल्याची हळहळ आपल्याकडे तयार असते, जास्त मिळाल्याची तक्रार मात्र टोमण्यातून करावी लागते. यावरून मराठी स्वभावाबद्दल सिद्धांत मांडता येईल, पण तसले सिद्धांत मांडणाऱ्यांचंही आपल्याकडे स्तोम आहे.

मामांच्या लेखासाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मराठी वाक्य ‘कोणी’ विचारून थांबत नाही, ‘काय म्हणून?’ असंही विचारतं. झेपेलिन गीतकार म्हणून की वाजवणारे म्हणून? गीतकार म्हणून भाच्याच्या बाजूने बरंच बोलता येईल. ‘होल लॉटा लव्ह’ १९६९ चं. त्यातले शब्द ब्लूज गीतकार विली डिक्सनने गायक मडी वॉटर्ससाठी लिहिलेल्या ‘यू नीड लव्ह’वरून आलेले. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली, आणि आता श्रेयात त्याचं नाव आहे. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ मुळात जेक होम्स या गायकाचं, १९६७ चं. तेही कोर्टापर्यंत गेलं. ‘स्टेअरवे टू हेवन’च्या सुरुवातीवरून चाललेला खटला मात्र ते जिंकले. २०१६ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २०२० मध्ये अपिलातही तोच टिकला. तेव्हा सरसकट ‘चोर’ लिहू नका. ‘ढापलं’, ‘उचललं’ आणि ‘उसनं घेतलं’ यांत मराठीने चांगल्या पायऱ्या करून ठेवल्यात, गाण्यागणिक योग्य ती निवडा. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे १९२९ चं मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं गाणं, पण तिथे मिनीचं नाव त्यांनी १९७१ च्या रेकॉर्डवर आपणहून छापलं होतं. ते उसनंच.

त्याच गाण्याचे ड्रम ऐकून मग भाच्याला वाजवणाऱ्यांबद्दल विचारा. हेडली ग्रेंज नावाच्या इंग्लंडमधल्या जुन्या वास्तूत झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम याला जिन्याच्या तळाशी बसवलं, माइक वरून जिन्याच्या पोकळीत सोडले, आणि त्या उंच पोकळीत घुमलेला ठोका टेपवर आला. जुन्या वाड्याच्या जिन्याखाली कोणी दार आपटलं की कसं घुमतं, तसा. पुढे हिप-हॉपवाल्यांनी तो ठोका कित्येक गाण्यांत वापरला. इथे तोल आणि मोल दोन्ही बरोबर आहेत, माझ्या मते तरी.

‘नावलौकिक’ या शब्दाबद्दलही विचारायला हवं होतं, ते मीच सांगून टाकतो. लौकिक म्हणजे लोकांतला. कीर्तीचं आणि कीर्तनाचं मूळ एकच, गुण गाणं. ख्याती म्हणजे जे सांगितलं जातं ते. सगळे शब्द श्रोत्याच्या बाजूचे. वाजवणाऱ्याकडे असतो तो हात. लौकिक दुसऱ्यांच्या तोंडात असतो. म्हणूनच तो दुसऱ्यांच्या तोंडून बिघडूही शकतो, आणि याचं सगळ्यात वाईट उदाहरण बीटल्स या बँडचा ड्रमर रिंगो स्टार.

रिंगोबद्दल एक विनोद तुम्ही ऐकला असेल. रिंगो जगातला सर्वांत चांगला ड्रमर आहे का, असं विचारल्यावर बीटल्समधलाच जॉन लेनन म्हणे म्हणाला की तो बीटल्समधलाही सर्वांत चांगला ड्रमर नाही. लेनन हे कधी म्हणालाच नाही. तो डिसेंबर १९८० मध्ये गेला, आणि हा विनोद त्यानंतरच्या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमांतला आहे. कोणीतरी तो लेननच्या नावावर खपवला आणि तो खपला, कारण लोकांना तो खरा असावासा वाटत होता. त्याला बळ देणारी एक खरी गोष्ट होतीच: ‘लव्ह मी डू’च्या एका ध्वनिमुद्रणाला सप्टेंबर १९६२ मध्ये ईएमआय कंपनीच्या लंडनमधल्या स्टुडिओत रिंगोऐवजी अँडी व्हाइट या भाडोत्री ड्रमरला बसवलं आणि रिंगोच्या हातात खंजिरी दिली.

आता ‘कम टुगेदर’ लावा, हेडफोन घालून. रिंगो डावखुरा, पण ड्रमसेट उजव्यांसाठी मांडलेला. त्यामुळे एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना त्याचा डावा हात आधी निघतो आणि वाटेत अडखळल्यासारखा होतो. त्या अडखळण्यातून जे निघतं ते उजव्या ड्रमरला मुद्दाम शिकावं लागतं. ड्रमवर स्वयंपाकघरातले टॉवेल टाकून आवाज दाबायची त्याची सवयही ऐकू येते. ठोका कानावर येतो तो कोरडा, गादीवर थाप मारल्यासारखा. मी कॉलेजात असताना हे गाणं घासलेल्या कॅसेटवर शंभरेक वेळा ऐकलं असेल, आणि तेव्हा मीही तो लेननचा विनोद मोठ्या ऐटीत सांगत फिरायचो. त्या काळात मला कोणी विचारलं असतं तर रिंगोला मीही ‘ओव्हररेटेड’ म्हटलं असतं. खरं म्हणजे त्याची कदर झाली नव्हती, आणि मी त्यात माझी भर घातली होती.

आपल्या गावचं एक उदाहरण मामांना नक्की आवडेल. १९७२ मध्ये झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा मुद्रित केली. ही ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये, आणि गाण्याच्या नावापुढे लिहिलंय ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. म्हणजे पेज-प्लांटला नाव आणि तबला, सतार वाजवणाऱ्यांना शहराचं नाव. यांना ‘अंडररेटेड’ म्हणता येणार नाही, कारण रेट व्हायला आधी नाव लागतं. मराठीत यांना ‘अनाम’ म्हणा. ‘अज्ञात’ नको, तो पोलिसांच्या बातमीतला शब्द आहे.

तर मामा, तुमचं पहिलं वाक्य मी असं करीन: ‘भाचा म्हणतो, लेड झेपेलिनला तुम्ही लोकांनी उगाच डोक्यावर बसवून ठेवलंय.’ यात ‘तुम्ही लोकांनी’ आहे ते राहू द्या. जेवताना ‘ओव्हररेटेड’ म्हणून त्याने ते गिळलं होतं. मराठीत आलं की तुमच्या ताटातच पडतं, आणि पुढचा लेख तुम्हाला तिथूनच लिहायचाय.