'सांग तुझ्या पप्पांना'

काकू पहिल्यांदा आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. रात्री दोनला जाग यायची, मग पाणी यायच्या वेळेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, थायरॉइड तपासलं, काही निघालं नाही, म्हणून समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं. दादरच्या माझ्या खोलीत बसल्यावर पहिली पंधरा मिनिटं त्या गुडघ्यांबद्दलच बोलल्या. मग पिशवीतून रुमाल काढत म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडे अजून इलेक्शन संपलेलं नाही."

२०२५ चा मार्च महिना चालू होता. विधानसभेचं मतदान होऊन गेलं होतं २० नोव्हेंबरला आणि २३ तारखेला निकाल. त्या संध्याकाळी टीव्हीसमोर नवरा आणि मुलगा यांचं जे वाजलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मुलगा फॅमिली ग्रुपमधून बाहेर पडला. लालबागची जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर चारशे चौरस फुटांचं घर आहे यांचं. तेवढ्याशा जागेत दोन माणसं एकमेकांशी न बोलता चार महिने राहत होती. जेवायला बसायची तीही वेगवेगळ्या वेळी.

"माझाच टेलिफोन करून टाकलाय," काकू म्हणाल्या. "हे म्हणतात, सांग तुझ्या लेकाला, गॅसचं बिल भर. तो म्हणतो, सांग तुझ्या पप्पांना, भरलंय. दोघं एकाच खोलीत असतात हो!"

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि तिघांनाही हे लिहिणार असल्याचं सांगितलं आहे. कोण कुठल्या पक्षाचं, ते लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी लगेच एकाची बाजू घेतली असती.)

"घरात राजकारणावरून वाद होतात, काय करू?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत माझ्याकडे सतत येतो आहे. गिरणगावात तर पक्ष हा घराण्यातून आलेला असायचा. आजोबा ज्या शाखेत बसले, त्याच शाखेत नातू बसायचा. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण एका गटाला दिला, त्याच वर्षी जुलैत राष्ट्रवादीही फुटली. आपण कोणाचे, हे ज्या घरांनी कधी ठरवलंच नव्हतं, त्यांना ते अचानक ठरवावं लागलं. एकाच घरात तीन उत्तरं निघाली. त्यात हातात मोबाइल. पूर्वी नाक्यावरचा वाद नाक्यावरच राहायचा, आता तो उशीपर्यंत येतो.

काकूंची मागणी साधी होती. "यांचं राजकारण बंद करा." ते माझ्या हातात नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांच्या हातात एक गोष्ट होती, निरोप पोचवणं थांबवायचं. कुटुंबाबरोबर काम करणारे मरे बोवेन नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते. दोघांमधला ताण असह्य झाला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात, असं त्यांनी मांडलं. त्या त्रिकोणात दोघांना तात्पुरतं बरं वाटतं आणि ताण तिसऱ्याच्या अंगावर जातो. काकूंना रात्री दोनला जागं ठेवणारा ताण हाच होता. त्यांना मी एक वाक्य पाठ करायला दिलं, "तो समोर बसलाय, त्यालाच सांगा." चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "मॅडम, बोलले. आणि अपराध्यासारखं वाटतंय." वाटणारच. तीस वर्षं घर त्यांनी असं जोडून ठेवलं होतं.

निरोप बंद झाले आणि दोघांची अडचण व्हायला लागली, तेव्हा कुठे काका माझ्याकडे यायला तयार झाले. अट एकच, "मला समजावायचं नाही."

पहिल्या एकत्र बैठकीत माझी चूक झाली, आणि ती मला अजून टोचते. काकांनी मोबाइल काढून एक मेसेज दाखवला, आपली अर्थव्यवस्था कुठल्या कुठे गेली असा. वर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो बऱ्याच हातांतून फिरत आलेला. व्हॉट्सॲपवर असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, ते याचसाठी. त्यातला आकडा चुकीचा होता आणि मी तसं सांगितलं. वर आणखी खुलासा केला. एकूण आकारमानात भारत तेव्हा जगातल्या पहिल्या पाचांत होता, हे काकांचं म्हणणं बरोबर. दरडोई उत्पन्नात आपण शंभराच्याही खाली आहोत, हे मुलाचं म्हणणंही बरोबर. मला वाटलं, दोघांनाही न्याय दिला. मुलगा हसला. काकांनी फोन खिशात घातला आणि उरलेली चाळीस मिनिटं खिडकीकडे बघत बसले. बायको आणि मुलगा समोर असताना एका परक्या बाईने त्यांना खोटं पाडलं होतं. माहिती बरोबर असली तरी ती कोणासमोर आणि केव्हा सांगायची, याला महत्त्व आहे. घरातल्या वडीलधाऱ्याचा फॉरवर्ड चुकीचा असेल तर एकट्यात सांगा, चारचौघांत नको.

त्यानंतर मी दोघांना वेगवेगळं भेटले.

मुलगा तेहतीस वर्षांचा, ऐरोलीला एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. रोज करी रोडहून ठाणे, ठाण्याहून ऐरोली. राजकारणावर तो दहा मिनिटं ताडताड बोलला. मी विचारलं, "यातलं तुझ्या स्वतःच्या अंगावर काय आलंय?" तो थांबला. मग हळूहळू निघालं. त्याच्या टीममध्ये अकरा जण होते, आता चार राहिले. पूर्वी माणसं बसून जे तपासायची, त्यातलं बरंचसं आता एआयची साधनं करतात. जानेवारीपासून तो स्वतः बेंचवर होता. बेंचवर म्हणजे प्रोजेक्ट नाही, पगार चालू आहे, पण किती दिवस चालेल ते कोणी सांगत नाही. घरात कोणालाच माहीत नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन तो निघत होता.

आणि घराचा हप्ता. डोंबिवलीच्या पुढे त्याने २०२१ मध्ये फ्लॅट बुक केला, ३० लाखांचं कर्ज काढून, व्याजदर खाली होते तेव्हा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. बदलत्या दराचं कर्ज होतं, त्यामुळे २२,७०० चा हप्ता २७,००० च्या पुढे गेला. 'अर्थव्यवस्था' हा शब्द तो उच्चारायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हा हप्ता असायचा. "पप्पा म्हणतात देश पुढे चाललाय. मला ऐकू येतं, तू मागे पडलास."

काकांची बैठक मी गिरणीपासून सुरू केली. १९७९ साली, विसाव्या वर्षी ते बदली कामगार म्हणून लागले होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत घेणार. वडील त्याच गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कायम. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर निघायला लागलं, गिरण्या एकेक करत थंडावल्या. हे सगळं काका सरळ आवाजात सांगत होते. आवाज बदलला तो घराबद्दल सांगताना.

"रोज संध्याकाळी गॅलरीत माणसं जमायची. बोलणं एकच. आता आपलं काही खरं नाही. आईनं तांब्याचा हंडा मोडीत घातला. मी बावीस वर्षांचा. कामाला बाहेर पडायचो तर तेच, घरी आलो तर तेच. मी तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात ही भाषा नको. आणि आता हा जेवताना तेच सुरू करतो. नोकऱ्या जाणार, मशीन येणार, काही खरं नाही."

काका त्या चांगल्या बातम्यांना का धरून बसले होते, ते मला त्या दिवशी कळलं. त्यांना वाद जिंकायचा नव्हता. भांडुपच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून पंचवीस वर्षं काढून आज हातात येते ती दोन हजारांच्या आतली ईपीएफ पेन्शन. मुलाचं काही बिनसलं तर आपण काही करू शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या अनुभवात घरातले बरेचसे राजकीय वाद इथे येऊन पोचतात. पक्षाचं नाव घेऊन माणसं आपापली भीती बोलत असतात, आणि समोरचा उत्तर देतो ते पक्षाला.

दुसऱ्या एकत्र बैठकीत मी दोन नियम घातले. पक्ष, नेता, चॅनेल यांपैकी कोणाचंही नाव घ्यायचं नाही. आणि एकाने बोलल्यावर दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, पहिला "हो, हेच" म्हणेपर्यंत. ऐकायला हे बालवाडीसारखं वाटतं, पण करायला फार अवघड जातं.

मुलाने बेंचचं सांगितलं. काका बराच वेळ गप्प.

"पगार येतोय ना?"

"सध्या येतोय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असतात, देश पुढे चाललाय."

काकांनी परत सांगायची पाळी होती. त्यांनी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा "पण" म्हणाले, दोन्ही वेळा मी थांबवलं. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "याचं म्हणणं आहे, याला भीती वाटते तेव्हा मी ऐकत नाही." मुलगा "हो" म्हणाला. मग काकांनी हंड्याची गोष्ट सांगितली. मुलाने ती कधी ऐकलेली नव्हती. काकू तेवढ्यात पाणी प्यायला म्हणून उठल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

दोघांना मी एक गृहपाठ दिला. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत इच्छा आणि हट्ट यांत फरक करायला शिकवतात. आपल्या मराठीत तो फरक एका अक्षरात सापडतो. 'त्याला पटावं' ही इच्छा, 'त्याला पटलंच पाहिजे' हा हट्ट. बातम्या बघताना मनात हा 'च' किती वेळा येतो, तेवढं फक्त मोजायचं. मुलाने मोबाइलवर नोंद ठेवली. काकांनी कॅलेंडरवर पेन्सिलने रेघा ओढल्या, एका रविवारी एकोणीस.

मग घरात राजकारण बोलायचंच नाही का, असं मला विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, जरूर बोला. ज्या घरात आजोबा संपात उतरले, तिथे राजकारणावर बंदी घातली तर पोटापाण्यावर बोलायलाही बंदी होते. मात्र निकालाच्या रात्री नको, जेवणाच्या ताटावर नको आणि फॅमिली ग्रुपवर तर नकोच, कारण तिथे मामा-आत्यांसमोर कोणालाच माघार घेता येत नाही. समोरचा तापला की मुद्दा खोडण्याआधी विचारा, "यातलं तुला कुठे लागतंय?" उत्तर लगेच येत नाही, थांबावं लागतं. शिवीगाळ होत असेल, हात उगारला जात असेल, दारू वाढली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर विषय राजकारणाच्या पलीकडे गेलेला असतो. अशा वेळी वाट बघू नका. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

हे दोघं एकाच पक्षाला मत देतील असं मला वाटत नाही, आणि तसं व्हावं अशी माझी इच्छाही नाही. मुलाला जूनमध्ये दुसरा प्रोजेक्ट मिळाला, तोही सहा महिन्यांचाच. काका अजून तेच चॅनेल बघतात. काकूंची झोप मात्र सुधारली आहे, पहाटे चारपर्यंत तरी लागते.

एक गोष्ट काकूंनी मला फोनवर सांगितली. लॉकडाऊनमध्ये मुलानेच वडिलांना यूपीआयने पैसे द्यायला शिकवलं होतं. डिसेंबरमध्ये काकांनी फोन बदलला आणि ते बंद पडलं. मुलाला विचारणार कोण? इतके महिने काका एटीएमच्या रांगेत उभे राहून नोटा काढत होते आणि भाजीवाल्याशी सुट्ट्यांवरून हुज्जत घालत होते. एका रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी फोन मुलाच्या ताटाशेजारी ठेवला.

"हे बघ जरा, काय झालंय."

मुलाने हात धुतले, फोन घेतला, सिम निवडलं. "पप्पा, कार्डाचे शेवटचे सहा आकडे सांगा."

काकांनी चष्मा लावला आणि एकेक आकडा वाचायला लागले. काकू ओट्यापाशी होत्या. भांड्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी नळ बंद केला.